हजेरीपट



ज्या मास्तरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आलो आहोत, त्यांनी उभ्या आयुष्यात व्यासपीठावरून एकही व्याख्यान दिल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. आणि तरीही त्यांच्या नावाने आपण दरवर्षी व्याख्यानेच योजतो, ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली असती तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आपणा सर्वांकडे एकवार निरखून पाहिले असते, यात मला संशय नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते ज्या मेजाशी बसत, ते मेज अद्याप या ग्रंथालयाच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. सायंकाळी पाचाच्या सुमारास येऊन देवघेवीची नोंदवही उघडावी, कणा सुटलेल्या पुस्तकांना खळ लावून वजनाखाली दाबून ठेवावे, कोणी पोर गोष्टीचे पुस्तक मागावयास आले तर मागच्या पुस्तकात काय होते ते आधी विचारावे, आणि आठाला दिवे मालवून किल्ली शिपायाच्या हाती द्यावी, हा त्यांचा क्रम अखेरच्या दुखण्यापर्यंत चुकला नाही. व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन मंडळी माझ्याकडे आली तेव्हा विषयासाठी मला दूर जावे लागले नाही, ते या मेजामुळे. निवृत्त माणसाचा नित्याचा दिवस, त्याची कुंड्यांतली बाग, आणि महामारी ओसरल्यानंतर शेजारपाजाराशी त्याचा नव्याने जडलेला संबंध, यांविषयी मी आज बोलणार आहे. मी महसूल खात्यात हयात घालविलेला मनुष्य असल्यामुळे माझ्या बोलण्यात दप्तराचा वास येईल. तेवढा आपण सोसावा.

आमच्या समाजात अशी एक दृढ समजूत आहे की निवृत्त मनुष्याजवळ समाजाला देण्यासारखी जी वस्तू असते ती म्हणजे त्याचा अनुभव. प्रत्येक निरोपसमारंभात, शाल अंगावर आणि नारळ हातात पडण्याच्या मधल्या क्षणी, कोणीतरी वरिष्ठ अधिकारी हे वाक्य उच्चारतोच की, आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ यापुढे समाजास व्हावा. आणि सत्कारमूर्तीही ते शब्दशः खरे मानून दुसऱ्या दिवसापासून समाजाच्या शोधात बाहेर पडते. मला ही समजूत मान्य नाही. अनुभव ही वस्तू ज्या कार्यालयात मिळविली त्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर फारशी टिकत नाही. माझे उदाहरण घ्या. गावोगाव फिरून सातबाऱ्यावरील पीकपाहणी तपासणे, नजरअंदाज पैसेवारी पन्नासाच्या आत की बाहेर याविषयी सरपंच, तलाठी आणि वरिष्ठ यांच्यातली ओढाताण सांभाळणे, फेरफारावरच्या हरकतींची सुनावणी चालविणे, यांत माझी उमेदीची वर्षे गेली. आणि 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून आपल्या पिकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून दप्तरी दाखल करू लागला. ही सुधारणा योग्य आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु माझ्या अनुभवाची किंमत त्या एका स्वातंत्र्यदिनी किती उतरली, याचा हिशेब कोणीही करावा.

मग निवृत्ताजवळ उरते काय? माझे उत्तर साधे आहे, आणि तेच आजच्या व्याख्यानाचे एकमेव प्रमेय आहे, असे म्हटले तरी चालेल. त्याच्याजवळ हजेरी उरते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, कोणी बोलावले नसता आणि कोणी वेतन देत नसता, उद्याही येईन अशा खात्रीने येऊन उभे राहण्याची जी शक्ती आहे, ती तरुणाजवळ नसते, कारण त्याचा वेळ दुसऱ्याने विकत घेतलेला असतो. बालकाजवळ नसते, कारण त्याचा वेळ शाळेने आणि शिकवणीने वाटून घेतलेला असतो. ती एकट्या पेन्शनराजवळ असते, आणि बहुधा तो ती सल्ला देण्यात खर्च करून टाकतो.

ही हजेरी म्हणजे काय, हे आमच्या या परिसराइतके दुसऱ्या कोणत्याही जागेला ठाऊक असण्याचे कारण नाही. आपण आज ज्याला कर्वेनगर म्हणतो ते हिंगणे बुद्रुक, आणि त्याची कथा प्लेगपासून सुरू होते. 4 फेब्रुवारी 1897 रोजी अमलात आलेला, अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा प्रथम आपल्या इलाख्यात राबविला गेला, आणि त्याच्या आधाराने पुण्यात घरझडत्यांचे जे सत्र चालले, त्याची परिणती त्या वर्षी 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकाऱ्यावर झाडलेल्या गोळ्यांत कशी झाली, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्या इतिहासात मी शिरत नाही. त्याच साथीत, 10 मार्च 1897 रोजी, रोग्यांची शुश्रूषा करताकरता सावित्रीबाई फुले गेल्या, हे मात्र उल्लेखिल्यावाचून पुढे जाववत नाही. प्लेग पुढेही फिरून फिरून येत राहिला, आणि त्या धामधुमीतच 1900 साली अण्णासाहेब कर्व्यांनी आपला विधवांचा आश्रम शहराबाहेर, या हिंगण्याच्या माळावर, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीवर एका झोपडीत आणला. जमिनीबरोबर 750 रुपयेही मिळाले होते. अण्णासाहेब तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. दिवसा तेथे शिकवावे, आणि सायंकाळी आश्रमाला लागणारे जिन्नस खांद्यावर घेऊन चिखलातून हिंगण्याची वाट धरावी, हा क्रम त्यांनी ऊन-पाऊस न पाहता चालविला. त्यांची कीर्ती समाजसुधारक म्हणून आहे आणि ती यथार्थच आहे. परंतु मला त्या कीर्तीच्या मुळाशी ही रोजची पायपीट दिसते. 1914 साली ते महाविद्यालयातून निवृत्त झाले, 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढून दारोदार वर्गणी गोळा करावयास निघाले. निवृत्तीनंतरच्या कालखंडास विश्रांतीचा कालखंड समजणाऱ्या माणसाने त्यांच्या पुतळ्यासमोरील सिग्नलला उभे असताना या सनावळीचा जरा विचार करावा. सिग्नल लांब आहे, वेळ पुरतो.

त्या 1897 च्या कायद्याचे पुस्तक एकशे तेवीस वर्षांनी पुन्हा मेजावर आले. 9 मार्च 2020 रोजी राज्यातले पहिले कोविडचे रुग्ण पुण्यातच आढळले, 13 मार्चला राज्यशासनाने तोच कायदा लागू केल्याची अधिसूचना काढली, आणि 25 मार्चपासून अवघा देश दाराआड गेला. पासष्टीच्या पुढील माणसांनी घराबाहेर पडू नये, हा हुकूम त्यांच्या हिताचाच होता. परंतु या हुकुमाने पेन्शनराचे नेमके काय काढून घेतले, याची नोंद कोणत्याही खात्याने ठेवलेली नाही. पेन्शनराचे सार्वजनिक जीवन फार बारीकसारीक गोष्टींचे बनलेले असते. सकाळची फेरी आणि फेरीनंतरचा कट्टा, बँकेत पासबुक भरून घेण्याची रांग, जिचे खरे प्रयोजन पासबुक नसून रांग हेच असते, नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी जाणे आणि आपण हयात आहोत याची दुसऱ्या हयातांसमक्ष खात्री पटविणे, भाजीवाल्याशी घासाघीस, दुपारी वाचनालयात अग्रलेख वाचून सायंकाळी तोच आपले मत म्हणून सांगणे. यांतील एकेक गोष्ट क्षुल्लक आहे, परंतु या सगळ्या मिळून माणसाला जगात हजर ठेवीत असतात. त्या एका रात्रीत बंद झाल्या. नातवंडांनी पडद्यावर बोलावयास शिकविले, औषधे दाराशी आली, मुले परदेशातून दिवसाआड चौकशी करू लागली. कशाची म्हणून ददात नव्हती, आणि तरी माणसे आतून वाळत चालली होती.

1 मार्च 2021 पासून साठीपुढील लोकांना लस मिळू लागली, आणि पाठोपाठ एप्रिलात दुसरी लाट आली. त्या महिन्याविषयी मी फार बोलणार नाही. आमच्या कट्ट्यावरची काही माणसे त्यात गेली. त्यांच्या अंत्ययात्रेला जाता आले नाही, घरी जाऊन बसता आले नाही, दहाव्याला घाटावर जाता आले नाही. पुढे फाटके उघडली तेव्हा कट्ट्यावरच्या रिकाम्या जागांकडे न पाहता बसावे कसे, हे कळेना, आणि बरीच मंडळी त्या बाजूला फिरकेनाशी झाली. आमच्या सोसायटीचा खताचा खड्डा नेमका या दिवसांत सुरू झाला, परंतु त्याआधी कुंड्यांविषयी सांगितले पाहिजे.

पुण्याच्या पेठांतली नावे वाचली तर हे शहर नसून एक विस्तीर्ण उपवन असावे, असा परस्थाचा ग्रह होईल: तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, मोतीबाग, हिराबाग, सारसबाग. तुळशीबागेत आज रामाच्या देवळाभोवती भांडी, बांगड्या आणि केसांच्या पिना मिळतात. तुळशीचे रोप हवे असेल तर दुसरीकडे जावे लागते. पेठा सोडून उपनगरांत आलेल्या आमच्या पिढीने बंगल्याचे स्वप्न पाहिले, आणि सदनिकेच्या दक्षिणेकडील सज्जात ते उरकून घेतले. ज्याने नोकरीत शेकडो एकरांच्या जमाबंदीचे कागद हाताळले, त्याने निवृत्तीनंतर ज्या क्षेत्राचा कब्जा घेतला ते क्षेत्र आठ-दहा कुंड्यांचे. गुंठ्याचे चौरस फूट 1089, तेव्हा सातबारा लिहावयाचाच झाला तर आकारणीच्या रकान्यात काही भरण्याजोगे उरत नाही. तरीपण टाळेबंदीच्या महिन्यांत त्या कुंड्या हा आमच्यापैकी अनेकांच्या दिवसाचा एकच निश्चित कार्यक्रम होता.

कुंडीतल्या लागवडीचे शास्त्र महाराष्ट्राला नवे नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी पानाच्या प्रत्येक चौरस फुटावर किती ऊन पडते आणि त्यातून किती अन्न निपजते याचा हिशेब मांडून, थोड्या जागेत कुटुंबापुरते कसे पिकविता येईल हे दाखविले, मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाची चिपाडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या एवढ्या भांडवलावर गच्चीत भाजीपाला काढला. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ची मला वाटणारी थोरवी निराळी आहे. त्या परिवारात कोणी तज्ज्ञ येऊन व्याख्यान झोडीत नसे. द्राक्षाच्या मळ्यात ज्याने जे केले आणि जे पाहिले ते त्याने दुसऱ्यास सांगावे, दुसऱ्याने आपल्या वेलीवर ते ताडून पाहावे, अशी ती रीत होती. रोज वेलीपाशी जाणाऱ्यालाच सांगण्यासारखे काही सापडते, हे ओघाने आलेच.

मिरचीचेच पाहा. रोप वीतभर झाले, चार फांद्या फुटल्या, पांढरी फुले लागली, की एके सकाळी शेंड्याची पाने आत वळलेली दिसतात. यालाच चुरडामुरडा म्हणतात. ज्या दिवशी पहिले पान वळते त्या दिवशी ते उलटे करून पाहिले, तर शिरेच्या कडेला फुलकिडे हलताना दिसतात, आणि निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूने केली तर रोप हाती लागते. चार दिवसांनी पाहिले तर उपटून टाकण्यापलीकडे उपाय राहत नाही, कारण तोवर रोग शेजारच्या कुंडीत गेलेला असतो. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण तसाच: मुंग्यांची रांग खोडावर चढू लागली की ओळखावे, कापूस दिसण्याची वाट पाहू नये. यांत विद्वत्ता कसली नाही, नजर रोज पडली पाहिजे एवढेच. आमच्या इमारतीत ही नजर सर्वांत तीक्ष्ण होती ती रखवालदाराची. मराठवाड्यातली कोरडवाहू चार एकर भावाकडे सोपवून तो पुण्यात आला होता. निवृत्त अभियंता, निवृत्त प्राध्यापक आणि मी, असे आम्ही तिघे वांग्याचे रोप किती खोल लावावे यावर आपापल्या खात्याच्या पद्धतीने वाद घालीत असता, त्याने येऊन बोटाने खळगा केला, रोप पहिल्या पानापर्यंत दाबले, वर मूठभर माती ओढली आणि “साहेब, आता दोन दिवस सावलीत ठेवा” एवढे बोलून तो फाटकाशी परत गेला. तो वाद पुन्हा कोणी काढला नाही.

आता खड्ड्याकडे येतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला, आणि तेथील ग्रामस्थांनी दूषित विहिरी व जळत्या ढिगांविरुद्ध वेळोवेळी गाड्या अडविल्या. तेव्हा कुठे शहराला आपण काय टाकतो याची शुद्ध आली. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणे बंधनकारक केले. घरी खत करणाऱ्याला मिळकतकरात सवलतही आहे. आमच्या सोसायटीने बांधकामाच्या वेळी एक गांडूळखताचा हौद कागदोपत्री बांधलेला होता, आणि त्यात जुनी सायकल, रंगाचे डबे व गणेशोत्सवाची मोडकी कमान सुखाने नांदत होती. टाळेबंदी उठल्यावर, कट्ट्यावर बसवत नाही आणि घरात करमत नाही अशा अवस्थेतल्या आम्ही काही जणांनी तो रिकामा केला.

ज्यांना या कामाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने सांगतो. हौदाच्या भिंती फटी ठेवून रचलेल्या विटांच्या, म्हणजे वारा खेळता राहतो. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि काटक्या; त्यावर घराघरांतून आलेला ओला कचरा, आणि त्याच्या दुप्पट पालापाचोळा. पाचोळा हा यातला खरा मालक. फेब्रुवारी-मार्चात पुण्याच्या रस्त्यांवर शिरीष, कडुनिंब आणि वर्षावृक्षांची पाने ढिगाने पडतात, आणि पहाटेच्या अंधारात ती पेटवून देण्याची वाईट खोड या शहराला आहे. तीच पोत्यांत भरून ठेवली तर वर्षभर पुरतात. पाचोळा कमी पडला की वास सुटतो, जास्त झाला की काहीच घडत नाही. विरजणाला आंबट ताक आणि शेणकाला. मूठभर माल हातात घेऊन दाबावा: गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. प्रमाण जमले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढीग तापू लागतो, मध्यभागी पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातो, आणि थंडीच्या सकाळी फावड्याने पालथा घातला तर त्यातून वाफ निघते. करड्या, चपट्या अळ्या दिसल्या की पहिल्या मजल्यावरून तक्रार येते; त्या अळ्या निरुपद्रवी असून कचरा खाऊनच मोठ्या होतात, हे पुनःपुन्हा सांगावे लागते. सांगून न पटल्यास वर पाचोळ्याचा जाड थर द्यावा. अडीच-तीन महिन्यांनी काळे, भुसभुशीत खत निघते. ते वाळूच्या चाळणीने चाळायचे, वर राहिलेल्या करवंट्या नि कोयी परत हौदात. मृगाच्या आगेमागे त्या कोयींना कोंब फुटतात, आणि ज्या घरांनी हापूसची पेटी आणल्याचे कोणाला कळू दिले नव्हते त्यांचे बिंग फुटते.

हे काम एका दिवसाने बिघडते. रविवारचा पाळीवाला आला नाही आणि सोमवारचा विसरला, तर मंगळवारी दुर्गंधी सुटून सोसायटीच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक लागते. म्हणून मी अप्पा बळवंत चौकातून एक जुन्या नमुन्याचा, निळ्या रेघांचा हजेरीपट आणला आणि तो खिळ्याला दोरीने बांधून हौदापाशी टांगला. शासकीय सेवेत ज्यांनी उशिराच्या लाल खुणा आयुष्यभर टाळल्या, त्यांनी या फुकटच्या हजेरीपटावर सही करण्यासाठी पावसात छत्र्या घेऊन खाली यावे, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहण्यासारखी आहे. प्राध्यापकसाहेब मोत्यासारख्या अक्षरात तारीख घालतात. एक निवृत्त परिचारिका, ज्यांनी दुसऱ्या लाटेत यजमान गमावले आणि त्यानंतर वर्षभर कोणाशी बोलल्या नव्हत्या, त्या प्रथम कढीलिंबाची चार पाने तोडण्यासाठी आल्या. मग पाने तोडण्याआधी खड्ड्यात डोकावू लागल्या. आणि आता पाचोळ्याचे प्रमाण चुकले की आम्हा पुरुषांना रुग्णालयातल्या शिकाऊ पोरींप्रमाणे झापतात. त्यांना कोणी ‘सावरा’ म्हणून उपदेश केला नाही, सांत्वनाचे शब्दही फारसे कोणाला सुचले नाहीत. त्या आल्या, आणि कोणीतरी रोज तेथे असे, एवढेच झाले.

सोसायटीतल्या उत्सवांनी माणसे जवळ येतात असे म्हणतात. मला तसा अनुभव नाही. उत्सवात गर्दी होते आणि वर्गणीवरून भांडणे होतात. परिचय होण्यासाठी दोन माणसांनी एकाच किरकोळ कामाशी वारंवार उभे राहावे लागते, आणि ते काम इतके किरकोळ असावे लागते की त्याच्या श्रेयासाठी कोणी पुढे येऊ नये. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघांविषयी मी आदर बाळगून एक तक्रार करतो. वाढदिवसांचे सत्कार, आरोग्यावरील व्याख्याने, वर्षासहल, आणि मार्च 2020 मध्ये काढून घेतलेली रेल्वेप्रवासातील सवलत परत मिळावी म्हणून निवेदने, हा त्यांचा वार्षिक कार्यक्रम असतो. ती सवलत परत मिळावी, हे मलाही वाटते, एस. टी.ने 2022 साली पंचाहत्तरीपुढील प्रवाशांना मोफत प्रवास दिला, तेव्हा रेल्वेला अगदीच अशक्य असेल असे नाही. परंतु या सगळ्यांत निवृत्त मनुष्य हा घेणारा आहे. त्याच्याकडून रोज काही मागणारे कोणी नाही, आणि ज्याच्याकडून कोणी काही मागत नाही तो माणूस फार लवकर म्हातारा होतो.

येथे दोन आक्षेप मीच घेतो, कारण श्रोत्यांतील भगिनींच्या चेहऱ्यावर पहिला केव्हापासून दिसत आहे. निवृत्तीच्या या सर्व गोष्टी पुरुषांच्या. ज्या गृहिणीने कधी नेमणुकीचा हुकूम पाहिला नाही तिला निवृत्तीचा हुकूम कोण देणार? आमच्या घरी माझ्या निवृत्तीनंतर चहाच्या खेपा वाढल्या आणि टाळेबंदीत त्या आणखी वाढल्या; खड्ड्याच्या पाळीला मी सकाळी साडेसातला उतरतो तेव्हा ओला कचरा वेगळा करून, निथळून, झाकण लावून दाराशी ठेवलेला असतो, आणि त्या कामाचा हजेरीपट कोठेही टांगलेला नाही. या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नाही. आमच्या सौभाग्यवतींनी ते मागितलेलेही नाही. त्यांनी फक्त निथळण्याचे काम गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे दिले.

दुसरा आक्षेप पैशाचा. ठरलेल्या तारखेला निवृत्तिवेतन खात्यात जमा होते म्हणून माझी हजेरी फुकटची असू शकते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्याच्या सेवेत रुजू झालेल्यांना जुन्या धर्तीचे निवृत्तिवेतन नव्हते, आणि त्यावरून केवढे संप झाले ते आपण पाहिले. कारखान्यांतून बाहेर पडलेल्यांचे किमान निवृत्तिवेतन 2014 साली दरमहा 1000 रुपये ठरले, आणि एवढ्यावर महिना कसा काढावा हे ठरविणाऱ्यांनी सांगितले नाही. आणि ज्यांना एवढेही नाही अशांपैकी एक बाई रोज सकाळी आमच्या फाटकाशी येतात. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे त्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. या बाई तेव्हापासून या कामात आहेत. वयाने त्या माझ्या आसपास असाव्यात. जन्मतारखेचा दाखला नसल्यामुळे निश्चित सांगता येत नाही, आणि दाखला नसल्यामुळेच त्यांना कोणी निवृत्तही करू शकत नाही. आम्ही सर्व 2020 च्या वसंतात दारे लावून बसलो होतो त्या दिवसांत, तोंडाला पदर आणि हातात रबरी मोजे घालून, रिकाम्या रस्त्यावरून ढकलगाडी ढकलीत त्या येत होत्या. सज्जातून आम्ही टाळ्या वाजविल्या, थाळ्याही वाजविल्या. त्यानंतर त्यांच्या मासिक सेवाशुल्कात दहा रुपयांची वाढ सुचविली गेली तेव्हा आमच्या वार्षिक सभेत तीवर बराच वेळ चर्चा झाली.

खड्ड्यातून निघणारे खत आम्ही गेल्या वर्षापासून पिशव्यांतून विकतो. कर्वेनगरातल्या रोपवाटिकाही घेतात. त्या रकमेतून आणि प्रत्येक सदनिकेच्या थोड्या वर्गणीतून या बाईंच्या नावे दरमहा काही ठेव जमा करावी, म्हणजे त्यांना हवे तेव्हा काम सोडता येईल, असा ठराव मी मांडला आहे. कोषाध्यक्षांची हरकत अशी की सोसायटीच्या उपविधींत अशा खर्चाला लेखाशीर्ष नाही. लेखाशीर्ष नसलेल्या खर्चाला लेखाशीर्ष कसे निर्माण करावे, या एका विषयात मात्र माझा जुना अनुभव अजून कामाचा आहे. मी तीन पर्याय लिहून दिले आहेत. ठराव येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर असून, पाचव्या क्रमांकावर वाहनतळाचा विषय आहे, त्यामुळे तो किती वाजता येईल हे सांगता येत नाही. आमच्या इमारतीतले जे सभासद आज येथे श्रोते म्हणून हजर आहेत, त्यांनी त्या रात्री गणपूर्ती होईपर्यंत बसावे, आणि झाल्यावर उठून जाऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.